पोतंभर मक्याचं पीठ

आज दुपारभर कपड्यांना इस्त्री करताना अमेरिकन गायिका डॉली पार्टनची गाणी लावली होती. जन्म १९४६चा, टेनेसीच्या डोंगरात, १२ भावंडांतली चौथी. बाळंतपणाचे पैसे म्हणून वडिलांनी डॉक्टरला पोतंभर मक्याचं पीठ दिलं होतं! आईने चिंध्या जोडून कोट शिवला, शाळेतली पोरं हसली, आणि त्याच कोटाचं तिने १९७१ मध्ये गाणं केलं. ते लागलं की माझा हात थांबतोच. प्रसिद्ध गायक एल्विस प्रेस्लीला तिचं एक गाणं गायला हवं होतं. त्याच्या मॅनेजरने निम्मे हक्क मागितले. ती रात्रभर रडली, पण दिले नाहीत. केवढी हिंमत! वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून १९९५ पासून ती लहान मुलांना घरपोच पुस्तकं पाठवते, फुकट. रात्री लेकीला हे सगळं सांगितलं. म्हणाली, "आई, ते कोटाचं गाणं लाव ना."