एसटीचं दार कुठल्या बाजूला असतं?

गोष्ट माझी एकदम साधी. आजी, नातू आणि पिशवीतून मान बाहेर काढलेली कोंबडी असे तिघं एसटीने आठवडी बाजाराला निघतात, वाटेत कोंबडी सुटते, बसभर धिंगाणा, खेळ खल्लास. लिहायला दोन संध्याकाळी लागल्या आणि मला वाटलं झालं पुस्तक, आता फक्त चित्रं काढून घ्यायची. हौस म्हणून स्वतःच छापणार होतो, त्यामुळे चित्रकारही मलाच शोधायचा होता.

घरात सांगायची चूक केली. बायको म्हणाली भाचीची इंटरमिजिएट झालीय, बी ग्रेड आहे, तिला दे. मुलगा म्हणाला कशाला पैसे घालवता, एआय दोन मिनिटांत देईल. दिली की त्याने, चकचकीत, फक्त पान उलटलं की आजी बदलायची. एका पानावर नऊवारी, पुढच्या पानावर उलट्या पदराची साडी, आणि नातू तर प्रत्येक थांब्यावर वेगळाच चढल्यासारखा.

शेवटी ओळखीतून एक चित्रकार मुलगी मिळाली. मी पहिलाच प्रश्न विचारला, एका चित्राचे किती? ती म्हणाली सर, आधी पानं ठरवू. मग तिने समजावलं की ऑफसेट छपाईत 16 पानांचा फॉर्मा, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकदम छापून घडी घातलेला गठ्ठा धरतात, म्हणून चित्रपुस्तकं बहुतेक 32 पानांची असतात, त्यातून शीर्षकाचं पान वगैरे वजा केलं की गोष्टीला जेमतेम 13-14 जोडपानं, म्हणजे समोरासमोरच्या पानांच्या जोड्या उरतात. माझ्याकडे 19 परिच्छेद होते. मी घासाघीस करताना "तुमचंही नाव होईल" असं बोलून गेलो, तर शांतपणे म्हणाली, "नाव आहे सर, आईवडिलांनी ठेवलंय." पुढे मी काही बोललो नाही. पैसे तीन हप्त्यांत ठरले, सुरुवातीला, रफ म्हणजे कच्ची चित्रं मी पास केल्यावर आणि फायनल फाइल दिल्यावर.

मग तिचे प्रश्न सुरू झाले. गोष्ट कधी घडते? म्हटलं कधी म्हणजे, कधीही. ती म्हणाली असं नाही चालत, कंडक्टरच्या हातात पंच काढू की मशीन? आणि तुमची आजी म्हणते "माझं फुल, याचं हाफ, कोंबडीचं काय?", पण मार्च 2023 पासून बायकांना एसटीत हाफच आहे, आणि आजींना 75 पूर्ण असतील तर फुकट. म्हणजे माझा सगळ्यात आवडता विनोद सरकारने आधीच मोडीत काढला होता आणि मला पत्ता नाही! दोन दिवस विचार करून गोष्ट जुन्या काळात ढकलली. तिकिटांची पेटी आली, पंचाची टिकटिक आली, आणि मागच्या सीटवरच्या कॉलेजकुमाराचा मोबाइल गेला.

पण खरी गंमत दाराची. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, पानही उजवीकडचं उलटतो, तर चित्रातली बस उजवीकडे धावली पाहिजे, म्हणजे पोराला पुढे काय होतं बघावंसं वाटतं, असं तिचं म्हणणं. पटलं. पण बस उजवीकडे तोंड करून काढली की आपल्याला दिसते ड्रायव्हरची बाजू, आणि एसटीचं दार तर डावीकडे! मग आजी चढणार कुठून? मला खरंच वाटेना, मी टेबलावर नातवाची खेळण्यातली बस ठेवून दहा मिनिटं उलटीसुलटी फिरवली. आयुष्यभर एसटीने फिरलो पण ही भानगड कधी डोक्यात आली नव्हती. मी म्हटलं काढा दार या बाजूला, कोण बघतंय. ती म्हणाली, "काका, मुलं बघतात." (काका त्याच दिवशी झालो, सर मागे पडलं.)

तिने काय केलं, चढायचं चित्र बसच्या आतून काढलं. आपण आत बसलोय, समोर दाराचा उजेड, आणि त्यातून आधी कोंबडीचं डोकं वर येतं, मग पिशवी, मग धापा टाकणारी आजी. माझं "आजी मोठ्या कष्टाने बसमध्ये चढली" हे वाक्य तिने पेन्सिलने खोडलं होतं, बाजूला लिहिलेलं, दिसतंय. अशी माझी निम्मी वाक्यं दिसतंय-दिसतंय करत गेली. सुरुवातीला राग यायचा, नंतर मीच खोडून पाठवायला लागलो.

करारही तिनेच समजावला. कॉपीराइट लेखी द्यावा लागतो, आणि त्यात मुदत लिहिली नाही तर 1957 च्या कायद्याने 5 वर्षंच धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. माझा पुतण्या न्यू जर्सीत, तिथल्या मराठी शाळेत पुस्तकं वाटायची त्याची हौस, तर "जगभर" हा एक शब्द घालून घेतला. कव्हरवर मात्र तिला नाव माझ्याइतक्याच टायपात हवं होतं. मी जरा कुरकुरलो, खोटं कशाला बोलू. मग चांदोबा आठवला. पाठीवर वेताळ, हातात तलवार, चाललेला विक्रम, ते चित्र आजही डोळ्यासमोर आहे, पण चितारणारे शंकर म्हणजे के. सी. शिवशंकरन हे मला कळलं ते 2020 मध्ये ते गेले तेव्हा. टाइप सारखा ठेवला.

परवा प्रूफ आलं. चष्मा लावून काना-मात्रा तपासत होतो तर नातू मांडीवर येऊन बसला आणि कंडक्टरच्या सीटखाली बोट ठेवून ओरडला, अंडं! बघतो तर खरंच, पांढरं, एवढंसं. पुढच्या पानावर ते घरंगळून ड्रायव्हरच्या चपलेजवळ, त्याच्या पुढच्या पानावर पायरीवर. गोष्टीत अंड्याचा एका अक्षरानेही उल्लेख नाही. लगेच फोन लावला, म्हटलं अगं हे अंडं कधी घातलंस?

ती हसायलाच लागली. "काका, मी नाही, कोंबडीने घातलंय. आणि रफपासून आहे ते, तुम्ही पास केलंत की."