मॅट टाकीवरचं सिक्युरिटी स्टिकर काढताना

नोकरी बदलली, गेटपास जमा केला, पण पार्किंगचं सिक्युरिटी स्टिकर गाडीच्या टाकीवरच राहिलं. जळगावच्या एमआयडीसीत कामगारांच्या गाड्यांना बऱ्याच ठिकाणी असं नंबरचं स्टिकर लावतात, गेटवर ओळख पटावी म्हणून. माझ्या गाडीला ते टाकीच्या बाजूला, गुडघा टेकतो त्याच्या जरा वर चिकटवलेलं होतं. गाडी मॅट काळी. हौसेने घेतलेली आहे, त्यामुळे रंगाला धक्का लागू द्यायचा नाही हे आधीच ठरलं होतं.

काढण्याआधी स्टिकरचा नंबरासकट फोटो घेतला आणि जुन्या कंपनीच्या रजिस्टरमधली माझ्या गाडीची नोंद रद्द करून घेतली. हे जरूर करा. स्टिकर एकदा निघालं की तो नंबर कोणाचा होता हे दाखवायला हातात काही राहत नाही.

नखाने कोपरा उचलला तर वरचा चकचकीत पापुद्रा सहज निघून आला आणि खाली चांदीच्या रंगाचे बारीक चौकोन रंगाला घट्ट धरून राहिले. ही स्टिकरं मुद्दाम तशीच बनवतात. एका गाडीवरून काढून दुसऱ्या गाडीला लावता येऊ नयेत म्हणून त्यांचे थर उचकटताना वेगळे होतात, आणि गोंदासकट नक्षी मागे राहते. कुठे चौकोन राहतात, कुठे ‘व्हॉइड’ (म्हणजे रद्द) ही अक्षरं.

गॅरेजवाल्या मिस्त्रींचा सल्ला लगेच आला, ‘‘पेट्रोलचा बोळा फिरव अन् वरून रबिंग मार, दोन मिनिटांत साफ.’’ रबिंग म्हणजे रंग घासून चमकवायची पेस्ट. चकचकीत रंगावर त्यांचा हात चांगला आहे, मी पाहिलंय. पण मॅटचं गणित वेगळं. मॅटच्या वरच्या क्लिअर कोटमध्ये, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात, सिलिकासारखी बारीक पूड मिसळलेली असते. त्यामुळे पृष्ठभाग डोळ्यांना दिसणार नाही इतका खडबडीत राहतो, प्रकाश विखुरतो आणि चमक दिसत नाही. रबिंग मारलं की ते उंचवटे झिजून सपाट होतात आणि तिथे चमकणारा डाग पडतो. तो कुठल्याही पॉलिशने जात नाही, अख्खी टाकी परत रंगवावी लागते. गोंदही याच खडबडीत खाचांमध्ये जाऊन बसतो. जितकं घासाल तितका तो आत जातो आणि वरचा रंग मात्र गुळगुळीत होतो. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर तर रंगच मऊ करतात, ते मी जवळही आणले नाहीत.

हेअर ड्रायरने गोंद मऊ करा, असं बरेच जण सांगतात. साइड पॅनलवर ठीक आहे. पण ही पेट्रोलची टाकी, झाकणाच्या हवेच्या छिद्रातून वाफ बाहेर येऊ शकते, आणि ड्रायरच्या आत तापलेली तार असते. मी तो नाद केला नाही. आणि खरं तर खान्देशात मे महिन्यात ड्रायर हवाच कशाला? पारा ४४-४५ अंशांवर असतो. गाडी थोडा वेळ उन्हात उभी केली, मग सावलीत घेऊन कोमट पाण्याचा पिळलेला टॉवेल त्या जागेवर धरला. गोंद मऊ झाला. मग मास्किंग टेपचा तुकडा त्यावर हलकेच दाबायचा आणि सरळ वर उचलायचा, बाजूला ओढायचा नाही. दर वेळी टेपला थोडे चौकोन चिकटून येत. तुकडा मळला की नवा घ्यायचा. हे काम कंटाळवाणं आहे, पण अर्ध्याहून जास्त नक्षी अशीच निघाली, कुठलंही रसायन न लावता.

उरलेल्या चिकट थरासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं. गोलाणी मार्केटमधले मोबाइल दुरुस्तीवाले त्याला नुसतं आयपीए म्हणतात, सर्किट बोर्ड साफ करायला त्यांच्याकडे ते असतंच. त्यात निम्मं बॅटरीचं पाणी, म्हणजे दुकानात मिळणारं डिस्टिल्ड वॉटर, घातलं. आमच्या बोअरचं पाणी जड आहे, वाळलं की पांढरे ठिपके सोडतं आणि मॅटवर ते आणखी उठून दिसतात. आधी सीटखाली झाकल्या जाणाऱ्या टाकीच्या कडेवर थेंब लावून पाहिला. वाळल्यावर रंग जसाच्या तसा होता, तेव्हाच पुढे गेलो.

अल्कोहोलचं काम मात्र उन्हात करू नका. तापलेल्या पत्र्यावर ते गोंदात मुरायच्या आत उडून जातं. मी पहाटे, इंजिन थंड असताना, टाकीचं झाकण घट्ट लावून केलं. आयपीए पेट घेणारं आहे, शेजारी विडीसुद्धा नको. मायक्रोफायबरचा तुकडा भिजवून जागेवर ठेवायचा, जरा थांबायचं, उचलायचा, कोरड्या बाजूने नुसतं टिपायचं. जखमेवरचं रक्त टिपतात तसं. शेजारचे आप्पा दूध घेऊन येताना थांबले, ‘‘काय व्हयनं रे भाऊ?’’ म्हणाले. सांगितल्यावर त्यांनी बोट पुढे केलं, मी त्यांचं बोट हातानेच अडवलं. बोटाचं तेलही मॅटवर दिसतं.

शेवटी साधा, वॅक्स नसलेला शॅम्पू आणि बॅटरीच्या पाण्याने जागा धुतली, कपडा दाबून कोरडी केली. वरून पॉलिश किंवा सिलिकॉनचा स्प्रे काही मारला नाही, त्याने मॅटला चकाकी येते.

आता चिकटपणा नाही, चौकोन नाहीत, चमकणारा डागही नाही. तिरक्या उन्हात पाहिलं तर स्टिकरच्या आकाराचा किंचित गडद चौकोन दिसतो. तिथला रंग इतके महिने ऊन न लागता राहिला, भोवतालचा थोडा उडाला. गोंद समजून तो घासायला जाऊ नका, तो रंगच आहे. मी त्याला हात लावणार नाही.

नव्या कंपनीतही स्टिकर आलंच. गेटवरच्या काकांना विनंती केली, तेव्हा त्यांनी ते एका प्लास्टिकच्या पट्टीवर लावून दिलं. पट्टी केबल टायने लेगगार्डला बांधली आहे. गेटवरून नंबर वाचता येतो, त्यांचं काम तेवढंच असतं.