नागपूरच्या रस्त्यांवर गाडी लोअर करायची, तर आधी ट्रॅव्हल मोजा

गाडी खाली घेतली की ती कडक होणारच, हे बहुतेकांनी धरूनच ठेवलेलं असतं. म्हणून दुकानात पहिला प्रश्न येतो, "मऊ स्प्रिंग आहे का?" पण लोअर केलेल्या गाडीत कंबरेला बसणारा दणका बहुतेक वेळा स्प्रिंगचा नसून बंपस्टॉपचा (चाक फार वर गेलं की शॉकअपला अडवणारा रबरी ठोकळा) असतो. साध्या हॅचबॅकच्या पुढच्या शॉकअपला चाक वर जाण्यासाठी समजा ८० मिमी जागा, म्हणजे ट्रॅव्हल, आहे. गाडी ३० मिमी खाली घेतली की ५० उरली. आता स्प्रिंग मऊच ठेवली तर खड्ड्यात ही ५० मिमी चटकन संपते आणि शॉकअप बंपस्टॉपवर आपटतो. तेवढाच दणका कमी जागेत जिरवायचा तर स्प्रिंग थोडी कडक हवीच. म्हणून निवड करताना क्रम असा ठेवा: आधी किती ट्रॅव्हल उरते ते, मग स्प्रिंग, मग शॉकअप. ब्रँड सगळ्यात शेवटी.

ट्रॅव्हल मोजायला फारसा खर्च नाही. शॉकअपचं डस्ट कव्हर वर सरकवा, रॉडला एक बारीक केबल टाय बांधा आणि ती शॉकअपच्या नळीच्या तोंडाला टेकवा. मग नेहमीच्या रस्त्यावर नेहमीच्या वेगाने गाडी चालवा. केबल टाय शॉकअपच्या रॉडवर जिथे सरकून थांबते तिथपर्यंत दबाव गेला. तिथून बंपस्टॉपपर्यंत जे अंतर उरलं, तेवढीच तुमची खरी शिल्लक. शिल्लक १५ मिमी असेल आणि गाडी ४० मिमी खाली घ्यायची असेल, तर कोणताही महागडा सेट ती गाडी आरामदायी करणार नाही. उंची मोजताना जमीन ते फेंडर मोजू नका, कारण हवा आणि टायर बदलला की आकडा बदलतो. हबच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत मोजा आणि चारही चाकांचे आकडे लिहून ठेवा.

मग येतो गतिरोधकांचा प्रश्न. आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेसच्या) प्रमाणातला गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, त्याची त्रिज्या १७ मीटर. साधारण २,४५० मिमी व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) गाडी त्यावर मधोमध आली तरी चाकांखालची जमीन शिखरापेक्षा जेमतेम ४४ मिमी खाली असते. म्हणजे नियमातला गतिरोधक लोअर गाडीलाही त्रास देत नाही. त्रास देतात ते वस्तीतल्या गल्ल्यांतले फूटभर रुंद, १२ सेंटिमीटर उंच उंचवटे. तिथे पूर्ण १२० मिमी मोकळी जागा लागते. १६५ मिमी ग्राउंड क्लिअरन्सची गाडी ३० मिमी खाली आली की १३५. चार माणसं बसली की आणखी २५-३० जातात. उरतात १०५-११०. अशी भरलेली गाडी त्या उंचवट्याला घासणारच. म्हणून शहरात रोज वापरायच्या गाडीसाठी २५ ते ३० मिमी ही माझ्या मते शेवटची मर्यादा आहे. ४० मिमी फोटोत छान दिसते, पण त्या गाडीचा मालक घरी जायचा रस्ता बदलून बसतो.

इथे एक फसवी गोष्ट आहे. युरोपातल्या गाड्यांची भारतीय आवृत्ती बहुधा मुळातच उंच केलेली असते. आयबाख किंवा एच अँड आर या जर्मन कंपन्यांच्या स्प्रिंगवर लिहिलेले '३० मिमी' हे तिकडच्या उंचीपासूनचे असतात. तीच स्प्रिंग आपल्या गाडीत बसवली की गाडी ४०-५० मिमी खाली येऊ शकते. विकत घेण्याआधी पाकिटावरचा आकडा सोडा आणि बसवल्यानंतर हब ते फेंडर अंतर किती राहतं ते विचारा, तेही भारतातल्या त्याच मॉडेलवर मोजलेलं.

स्प्रिंग किती कडक हवी, याचा अंदाज वजनावरून निघतो. कळमन्यात किंवा हायवेलगतच्या कुठल्याही धरमकाट्यावर फक्त पुढची चाकं चढवून वजन घ्या, मग फक्त मागची. समजा पुढच्या ॲक्सलवर ७०० किलो आले. एका चाकाच्या वाट्याला ३५०. त्यातून चाक, हब, ब्रेक वगैरेचे साधारण ३५ वजा करा. ३१५ किलो स्प्रिंगवर आहेत. कंपनीची आरामदायी गाडी साधारण १.२ ते १.३ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला तेवढ्या झोक्यांनी, झुलते. १.३ साठी मॅकफर्सन स्ट्रटवर (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेलं पुढचं सस्पेन्शन) सुमारे २.४ किलो प्रति मिमीची स्प्रिंग लागते (मोशन रेशो, म्हणजे चाकाच्या तुलनेत स्प्रिंगची हालचाल, ०.९५ धरून). १.५ हर्ट्झ हवे असतील तर ३.२, आणि २ हर्ट्झसाठी ५.६. नागपुरात रोजच्या वापराला पुढे १.५ च्या आसपास थांबावं, असं मला ठामपणे वाटतं. पुढे ५-६ किलो प्रति मिमीच्या स्प्रिंग असलेला कॉइलओव्हर सेट (उंची बदलता येणारी स्प्रिंग-शॉकअपची जोडी) हलक्या हॅचबॅकवर बसवला की गाडी ट्रॅकसाठी ठीक, पण अंबाझरीच्या वळणावर मिळणाऱ्या आनंदाची किंमत बाकी सगळ्या रस्त्यांवर मोजावी लागते.

मागची बाजू पुढच्यापेक्षा १० ते १५ टक्के जास्त वेगाने झुलली पाहिजे. उंचवटा आधी पुढच्या चाकाला लागतो, नंतर मागच्या. मागचं टोक किंचित वेगवान असलं की ते पुढच्याला गाठतं आणि गाडी पुढे-मागे डोलायची थांबते. मागे एका चाकाच्या स्प्रिंगवर २१० किलो असतील आणि चाकापाशी कडकपणा २० न्यूटन प्रति मिमी (सुमारे २ किलो प्रति मिमी) असेल तर १.५५ हर्ट्झ होतात, २५ केले तर १.७४. पुढे १.५ असताना मागे १.७ छान जमतं. वजनाच्या बाबतीतही याचा उपयोग होतो. मागे तीन माणसं आणि सामान असं प्रत्येक चाकावर ८० किलो वाढलं, तर २० च्या स्प्रिंगवर गाडी आणखी ३९ मिमी बसते, २५ च्या स्प्रिंगवर ३१. रामटेकला किंवा पचमढीला कुटुंबासह जाणाऱ्याने हा हिशेब आधी करावा, कारण गाडी रिकामी असताना मागचा बंपस्टॉप कधी बोलतच नाही.

मूळ स्प्रिंगचे वेढे कापणं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात वाईट मार्ग. सहा कामाच्या वेढ्यांतला एक कापला तर स्प्रिंग २० टक्के कडक होते खरी, पण कापलेलं टोक सीटवर नीट बसत नाही. तापवून बसवलेली स्प्रिंग तर आपलं पाणीच गमावते आणि पुढे बसतच जाते. टॉर्शन बीमच्या (दोन्ही चाकं एका आडव्या बीमने जोडलेल्या) मागच्या सस्पेन्शनमध्ये स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे असतात. तिथे आखूड स्प्रिंग असेल तर गाडी जॅकवर उचलून चाक पूर्ण लोंबकळू द्या आणि स्प्रिंग हाताने हलवून पाहा. ती सैल फिरत असेल तर सेट परत करा. खोल खड्ड्यात ती जागेवरून सुटू शकते.

आता शॉकअप. स्प्रिंग ३३ टक्के कडक केली की तीच शिस्त राखायला डॅम्पिंग (शॉकअपचा झोके थोपवण्याचा जोर) सुमारे १५ टक्के वाढावं लागतं, कारण ते वर्गमुळाच्या हिशेबाने वाढतं. कंपनीचा नवा शॉकअप एवढं कसंबसं सांभाळतो. ५०-६० हजार किमी चाललेला सांभाळत नाही, आणि त्याचा पिस्टन आता सतत खालच्या भागात काम करत असल्याने सीलही लवकर जातं. फक्त स्प्रिंग बदलून गाडी होडीसारखी उसळते, ती यामुळेच. बिल्स्टाइन कंपनीच्या शॉकअपमध्ये बी६ मूळ उंचीसाठी असतो, तर बी८ मुद्दाम आखूड केलेला, लोअर स्प्रिंगसाठी. बी१२ म्हणजे बी८ आणि आयबाखच्या स्प्रिंगची जोडी. केडब्ल्यूच्या कॉइलओव्हरमध्ये व्हेरियंट १ ला फक्त उंची बदलता येते, २ ला रिबाउंडही (चाक खाली येतानाचा विरोध), ३ ला कॉम्प्रेशनसुद्धा (चाक वर जातानाचा विरोध). तैवानच्या बीसी रेसिंगच्या बीआर मालिकेत कडकपणाचे ३० टप्पे आहेत, पण तिथे एकच नॉब रिबाउंड आणि कॉम्प्रेशन दोन्ही एकदम बदलतो.

हा फरक सिमेंटच्या रस्त्यांवर फार जाणवतो. शहरातले काँक्रीटचे रस्ते आणि शिवमडक्याहून निघणारा समृद्धी महामार्ग, दोन्हीकडे स्लॅबचे सांधे आहेत. असे सांधे साधारण ४.५ मीटरवर असतात. ताशी ८० किमीला सेकंदाला पाच सांधे लागतात, समृद्धीच्या १२० च्या मर्यादेवर सात. माणसाच्या धडाला उभं कंपन सगळ्यात जास्त ४ ते ८ हर्ट्झमध्येच छळतं. या वेगाच्या कंपनांत स्प्रिंगपेक्षा शॉकअपचा कडकपणा जास्त आत येतो. म्हणून इथे कॉम्प्रेशन मऊ आणि रिबाउंड थोडा घट्ट, अशी मांडणी लागते. पण रिबाउंड अति घट्ट केला तर टोलआधीच्या रंबल स्ट्रिपवर चाकाला खाली यायला वेळच मिळत नाही, गाडी प्रत्येक पट्टीला थोडी थोडी बसत जाते आणि शेवटच्या पट्टीला बंपस्टॉपवर येते. नॉब असलेला सेट असेल तर सगळ्यात मऊ टप्प्यापासून सुरू करा, एका वेळी दोन टप्पे वाढवा, रस्ता आणि वेग तोच ठेवा. गाडी उंचवट्यानंतर एकदाच वर येऊन स्थिर झाली की थांबा.

कॉइलओव्हर घ्यायचाच असेल तर उंची कुठून बदलते ते पाहा. ज्यात स्प्रिंगची प्लेट खाली घेऊन गाडी बसवतात, त्यात दबावाची जागा कमी होते. ज्यात खालचा ब्रॅकेटच फिरतो, त्यात शॉकअपची ट्रॅव्हल तशीच राहते. दुसरा प्रकार आरामासाठी कितीतरी चांगला, फक्त चाक आता वर फेंडर लायनरपर्यंत जाऊ शकतं. तेव्हा स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून, चाक जॅकने वर दाबून जागा तपासा.

हँडलिंगसाठीही जास्त खाली जाणं उलटंच पडतं. मॅकफर्सनमध्ये लोअर आर्म आडवा होण्याच्या पलीकडे गेला की रोल सेंटर (गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातो, आणि वळणावर गाडी कलण्याचा जोर वाढतो. टाय रॉडचा कोन बिघडल्याने खड्ड्यात चाकाचा टो (वरून पाहता चाक आत-बाहेर किती वळलंय ते) बदलतो आणि स्टिअरिंग हातात ओढल्यासारखं होतं. बऱ्याच गाड्यांत साधारण ३० मिमीला आर्म जवळजवळ आडवा असतो. तिथेच थांबायला हे दुसरं कारण.

टायरही सस्पेन्शनच आहे. १८५/६५ आर१५ ची भिंत १२० मिमी असते, १९५/५५ आर१६ ची १०७, आणि २०५/४५ आर१७ ची ९२. तिन्हींचा व्यास जवळपास सारखा. लोअर गाडीवर १७ इंची चाक घालून वर मऊ शॉकअप शोधणाऱ्याला माझा सल्ला एकच: आधी १५ किंवा १६ वर या.

फिटिंगच्या वेळी स्ट्रटचं माउंटिंग, बेअरिंग आणि बंपस्टॉप नवेच टाका. बंपस्टॉप किती कापायचा हे स्प्रिंगसोबतच्या पत्रकात दिलेलं असतं. तेवढाच कापा, पूर्ण काढू नका. वरचा नट इम्पॅक्ट गनने फिरवला की रॉड आत फिरतो आणि सील खराब होतं, म्हणून हातानेच आवळा. लोअर आर्मचे आणि बीमचे रबरी बुश गाडी चाकांवर उभी केल्यावरच पूर्ण आवळायचे. लोंबकळत्या स्थितीत आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं, गाडी उंच दिसते आणि बुश काही महिन्यांत फाटतात. एबीएसची वायर आणि ब्रेकचा होस स्टिअरिंग पूर्ण फिरवून पाहा, लिंक रॉड कशाला टेकत नाही ना तेही.

मग अलाइनमेंट. पुढे उणे १ ते उणे १.५ अंश कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकणं) रोजच्या वापराला चालतो. टायरची आतली कड खाते ती बहुतेक वेळा टो बिघडल्याने, म्हणून टो कंपनीच्या आकड्यावर आणल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका. हेडलाइटचा झोतही त्याच दिवशी लावून घ्या. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांवर बंधनं आहेत. काम करण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

नव्या स्प्रिंग पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये थोड्या बसतात. ५०० किमी झाले की लिहून ठेवलेले हब ते फेंडर आकडे पुन्हा मोजा, नट तपासा आणि टो पुन्हा पाहा. कॉइलओव्हर असेल तर पावसाळ्याआधी थ्रेडवरची माती ब्रशने काढून अँटी-सीझ लावा. काळी माती थ्रेडमध्ये वाळली की कॉलर पुढच्या उन्हाळ्यात पान्यानेही हलत नाही.