विमान कुठाय यात, सर?

काल अकरावीला इंग्लिशच्या तासाला पॉलिटिकल कार्टून घेतलं. लंडनच्या 'पंच' या विनोदी साप्ताहिकातलं जुनं, जॉन टेनिएलचं 'ड्रॉपिंग द पायलट', २९ मार्च १८९० चं. मोठं जहाज, कडेच्या जिन्यावरनं म्हातारा बिस्मार्क उतरतोय आणि वर कठड्याला रेलून मुकुट घातलेला तरणा कैसर, म्हणजे जर्मनीचा सम्राट, विल्हेल्म बघतोय. मी घरनंच उत्तर लिहून नेलेलं, 'नवख्या राजाने अनुभवी माणसाला काढलं', बास, चार मार्क.

पायलट म्हटल्या म्हटल्या मागच्या बेंचवरनं आलं, "सर, विमान कुठाय यात?" पोरं हसली, पण खरं सांगायचं तर कोल्हापुरात जहाज बघितलंय कुणी, आमची धाव रंकाळ्यातल्या बोटीपर्यंत.

तेवढ्यात एक मुलगी उभारली, मूळची रत्नागिरीकडची, मामा बंदरात कामाला. म्हणाली, "सर, जहाज बंदरात आत-बाहेर करताना तिथलं पाणी माहीत असलेला माणूस वर चढतो ना, तो पायलट. जहाज मोकळ्या समुद्रात लागलं की होडीतनं परत येतो. मग ह्याला काढलाय कशावरनं? काम झालं म्हणून उतरला असेल की."

मी खडू घेऊन तसाच. इतकी वर्षं हे कार्टून शिकवतोय आणि हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता, चित्रात तर नुसता उतरणारा माणूस आहे, ढकलतंय कोण?

मग उत्तर ठेवलं बाजूला आणि आधी गोष्ट सांगितली. १८७१ ला जर्मनी एक झाली ती बिस्मार्कमुळं, तेव्हापासनं चॅन्सेलर, म्हणजे आपल्या पंतप्रधानासारखा, तोच. १८८८ ला जुन्या सम्राटाचा नातू गादीवर आला, वय २९, दोघांचं पटेना, दोन वर्षांत राजीनामा घेतला, बिस्मार्क तेव्हा पंचाहत्तरीला आलेला.

"म्हंजे सर," तालमीत जाणारं एक पोरगं आहे, एरवी तासाला पेंगतंय, ते म्हणालं, "वस्तादानं तालीम उभी केली आन मालकाच्या नातवानं त्यालाच घालवला. म्हणून तर बघा, त्यो वर बघतबी न्हाई. काम संपल्यालं असतं तर रामराम घालून गेला असता का न्हाई?"

वर्गात एकदम दोन पार्ट्या पडल्या. मुलगी म्हणते बंदर पार झालंय हे राजाला वाटतंय, चित्र काढणाऱ्याला नाही, आणि विनोद नेमका तिथंच आहे. हे वाक्य माझ्या नोट्समध्ये नव्हतं, मी गुपचूप लिहून घेतलं. बेल झाली तरी कुणी उठेना, तेही शेवटच्या तासाला.

संध्याकाळी वह्या तपासल्या. तालमीवाल्यानं लिहिलंय, 'वस्ताद इज गोइंग डाऊन, पैलवान इज लुकिंग.' चारपैकी तीन दिले. एक कापला तो जहाजाचं नावच काढलं नाही म्हणून.