साखर एक, कोड सहा

हॉस्पिटलचं पेशंट रेकॉर्डचं सॉफ्टवेअर एका कंपनीचं, हॉस्पिटलच्याच लॅबचं दुसऱ्या कंपनीचं. दोन्ही जोडायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी आठवडाभराचा अंदाज दिला होता. लागले तीन महिने.

जोडणी खरं तर चौथ्या दिवशीच झाली. रिपोर्ट 'फायर' (FHIR) या आरोग्य-माहितीच्या देवाणघेवाणीच्या मानकातल्या ऑब्झर्वेशनच्या, म्हणजे तपासणीच्या एका निकालाच्या, साच्यात जायचे, पहिला पोचलाही. पण तक्ता उघडला तर एकाच पेशंटची साखर १०४ आणि तिच्याखाली ५.६! चाचणीचा डेटा होता म्हणून निभावलं. खऱ्या वॉर्डात ५.६ वाचून कुणीही धावत ग्लुकोज लावलं असतं.

आकडा मात्र बरोबर होता. तो आयसीयूतल्या ब्लड गॅस मशीनवरून आलेला, आणि ते मशीन मिलिमोल प्रति लिटरमध्ये मोजत होतं. बाकी लॅब मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. १८ने गुणलं की ५.६चे १०१ होतात, म्हणजे अगदी व्यवस्थित साखर. एककाचा रकाना रिकामा आला होता, एवढंच. त्या दिवसापासून यूकम (UCUM) या एककं लिहिण्याच्या प्रमाणित पद्धतीने लिहिलेलं एकक नसेल तर निकाल घ्यायचाच नाही, असा नियम मी घातला.

मग चाचण्यांची नावं. एकट्या साखरेचे लॅबमध्ये सहा कोड निघाले. ते लॉइंकच्या (LOINC), म्हणजे चाचण्यांच्या जागतिक कोड-यादीच्या, कोडांशी जुळवायचे होते. लॉइंकमध्ये प्रत्येक चाचणी सहा अंगांनी ओळखली जाते: काय मोजलं, कोणत्या राशीत, कोणत्या वेळेचं, कशातून, कोणत्या प्रकारचं उत्तर, आणि गरज असेल तिथे कोणत्या पद्धतीने. उपाशीपोटीच्या साखरेला १५५८-६, जेवणानंतर दोन तासांनी १५२१-४, वेळेची अट नसेल तर २३४५-७. लॅबचे 'बीएसएल-एफ' (उपाशीपोटी) आणि 'बीएसएल-पीपी' (जेवणानंतर) लगेच बसले. 'जीएलयू-२'पाशी मी दोन दिवस अडलो. नावावरून ती जेवणानंतरची वाटत होती आणि मी तसा कोड लावलाही होता.

शेवटी लॅबमधल्या सर्वांत जुन्या टेक्निशियनकडे गेलो. सगळे त्यांना ताई म्हणतात. त्यांनी यादी पाहिली आणि म्हणाल्या, "अहो, हे तपासणी कॅम्पचं. बोटातलं रक्त, ग्लुकोमीटरवर." म्हणजे ४१६५३-७. हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं.

२००१मध्ये वेबचे जनक टिम बर्नर्स-ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका लेखात सिमँटिक वेबची, म्हणजे यंत्रांनाही माहितीचा अर्थ कळेल अशा वेबची, कल्पना मांडली, तेव्हा त्या लेखाची सुरुवातच आजारी आईसाठी उपचारांच्या वेळा परस्पर जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरने केली होती. मला ती कल्पना आजही मनापासून पटते. पण यंत्राला अर्थ कळायचा तर आधी तो कुणीतरी लिहून द्यावा लागतो, आणि आमच्याकडे तो ताईंच्या डोक्यात होता. मग रोज दुपारी त्यांचा डबा झाला की अर्धा तास आम्ही यादी घेऊन बसायचो. त्या सांगायच्या, मी शोधायचो, आणि प्रत्येक जोडीवर पॅथॉलॉजिस्ट सरांची सही घ्यायची.

रक्त-लघवीसारख्या नमुन्यांच्या नावांसाठी स्नोमेड सीटी (SNOMED CT) हा वैद्यकीय संज्ञांचा कोड-संग्रह घेतला. भारत २०१४पासून तो चालवणाऱ्या संस्थेचा सदस्य असल्याने इथे त्याचे पैसे पडत नाहीत, आणि तो देणारं राष्ट्रीय केंद्र आमच्या पुण्यातच, सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेत आहे.

एक कोड अजून सुटलेला नाही. तो सध्या लॅबच्या मूळ नावानेच, लॉइंकशिवाय जातो. साच्यात तशी सोय आहे. तो सुरू करणारे गृहस्थ निवृत्त झालेत. ताईंनी त्यांचा फोन नंबर मिळवलाय.