मार्गदर्शकानं लिहायचं किती?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. विद्यार्थी आणि मार्गदर्शक मिळून इतिहासाची वेबसाइट करतात, तेव्हा मार्गदर्शकानं किती लिहायचं?

एकही वाक्य नाही. मार्गदर्शकानं मजकुरावर ‘जरा हात फिरवला’ की परिच्छेद गुळगुळीत होतो, पण त्यातली माहिती कुठून आली हे विद्यार्थ्याला सांगता येईनासं होतं. गूगल डॉक्समध्ये मार्गदर्शकाला फक्त कमेंटची परवानगी ठेवा, आणि शेरा प्रश्नाच्याच रूपात असू द्या: ‘हे कोणत्या पानावर आहे?’, ‘हे लिहिणारा तेव्हा तिथे होता का?’

पहिले दोन आठवडे वेबसाइटला हात लावायचा नाही. फक्त एक शीट, म्हणजे एक्सेलसारखा रकान्यांचा तक्ता करायचा. एका ओळीत एकच विधान, त्यापुढे साधन (माहिती जिथून घेतली ते पुस्तक, कागद किंवा साइट), पान क्रमांक, शोधणाऱ्याचं नाव आणि तपासणाऱ्याचं नाव. ही दोन नावं एकाच मुलाची असता कामा नयेत. दोन साइट्स तेच सांगतात म्हणून विधान पक्कं, असं मुलं हमखास धरून चालतात. शब्दरचनाही तीच असेल, तर बहुधा एकीनं दुसरीवरून किंवा दोघींनी तिसरीकडून उतरवलेलं असतं. अशा वेळी साधन एकच मोजायचं.

खरी गंमत तारखांची. रशियातली ‘ऑक्टोबर क्रांती’ एका पानावर २५ ऑक्टोबर १९१७ आणि दुसऱ्यावर ७ नोव्हेंबर १९१७ अशी पडते. दोन्ही बरोबर आहेत, कारण पहिली रशियात तेव्हा चालणाऱ्या जुन्या ज्युलियन कॅलेंडरची आणि दुसरी आजच्या ग्रेगोरियन कॅलेंडरची. इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद आपण ३० जानेवारी १६४९ चा मानतो, पण त्या काळच्या कागदांत साल १६४८ सापडतं, कारण तिथे १७५२ पूर्वी कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. म्हणून शीटमध्ये तारखेचे रकाने दोन: साधनात आहे तशी आणि आजच्या कालगणनेप्रमाणे. दुसरा रकाना भरताना मार्गदर्शकानं शेजारी बसावं. उत्तर मात्र सांगू नये, कॅलेंडर कोणतं एवढंच विचारावं.

चित्रांबाबत थोडक्यात: ‘नेटवर मिळालं’ ही परवानगी नव्हे. क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या वापराच्या परवान्यांमध्ये ‘बीवाय’ म्हणजे श्रेय द्यायचं, ‘एनडी’ म्हणजे बदल केलेली प्रत प्रसिद्ध करायची नाही. परवान्याचा रकाना भरल्याशिवाय चित्र चढवू नका.

तांत्रिक घोटाळे बहुतेक फाइलच्या नावात निघतात. स्वतःच्या विंडोज संगणकावर दिसणारं चित्र सर्व्हरवर गायब होतं, कारण पानात लिहिलेल्या नावाच्या शेवटी jpg आणि खुद्द फाइलच्या नावात JPG असतं. लिनक्स सर्व्हरला ती दोन वेगळी नावं वाटतात. पानाचा पत्ताही देवनागरीत ठेवू नका. कॉपी केल्यावर त्यातल्या प्रत्येक अक्षरचिन्हाची नऊ चिन्हं होऊ शकतात, म्हणजे नुसतं ‘इतिहास’ ५४ चिन्हांचं. छोटी रोमन अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ एवढंच वापरा. मजकूर मात्र युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या उपकरणांना वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीतच हवा. जुन्या फॉन्टमधला उतारा चिकटवला की वाचकाच्या फोनवर अगम्य चिन्हांची रांग उमटते.

आणि पानं किती? पाच-सहा जणांच्या गटाला दहा-बारा पुरे. चाळीसचा आराखडा केलात तर त्यातली बरीचशी ‘लवकरच येत आहे’ म्हणत पडून राहतील.

साइट सुरू केल्यावर कुणी विचारत नाही, पण विचारायला हवं: ही तुकडी गेल्यावर काय? विद्यार्थ्यांनी मार्गदर्शकांसोबत केलेल्या हजारो साइट्स ‘थिंकक्वेस्ट’च्या संग्रहात होत्या, २०१३ मध्ये ऑरॅकल या सॉफ्टवेअर कंपनीच्या फाउंडेशननं तो उपक्रमच बंद केला. म्हणून डोमेन (साइटचा पत्ता) संस्थेच्या नावावर घ्या, कुणा विद्यार्थ्याच्या मेलवर नको. पानं साध्या एचटीएमएलमध्ये, शीटसकट दोन ठिकाणी ठेवा. मग गटातल्या सगळ्यात नवख्या मुलाला त्या प्रतीवरून साइट दुसऱ्या संगणकावर उभी करायला सांगा. तो जिथे अडेल, तेवढंच हस्तांतराच्या टिपणात लिहायचं राहिलेलं असतं.