अडलेले झाकण आणि दुखावलेला अंगठा

गेल्या वर्षी माझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला, इतके दुखू लागले की कुलपात किल्ली फिरवतानाही कळ येई. डॉक्टरांनी अंगठा मुठीत दुमडायला सांगून मनगट करंगळीच्या बाजूला हलकेच झुकवले, मी कळवळले, आणि त्यांनी डी क्वेर्व्हेनचा विकार असल्याचे सांगितले. अंगठ्याकडे जाणाऱ्या दोन कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे चिवट दोर, ज्या आवरणातून सरकतात ते आवरण जाड होऊन आतली वाट अरुंद होते, असा हा विकार असून ज्या स्विस शल्यविशारदाने १८९५ मध्ये त्याचे वर्णन केले त्याचेच नाव त्याला मिळाले आहे. सहा आठवडे अंगठ्याला आधारपट्टा बांधायचा आणि पिळण्याची सगळी कामे बंद ठेवायची, असे मला बजावण्यात आले. ओले कपडे पिळण्याला पर्याय सापडला, फडके पिळण्यालाही सापडला. परंतु बरण्यांची घट्ट झाकणे कोण उघडणार, हा प्रश्न तसाच राहिला. घरात माझ्याखेरीज फक्त आई, आणि ऐंशी ओलांडलेल्या आईच्या हातात माझ्या डाव्या हाताइतकीही पकड उरलेली नाही.

त्याआधी झाकण उघडण्याची माझी एकच रीत होती: बरणी पोटाशी धरायची, दात आवळायचे आणि जोर लावायचा. झाकण आपल्याला विरोध का करते, याचा विचार मी कधी केला नव्हता. तो या सहा आठवड्यांत करावा लागला, आणि तेव्हा लक्षात आले की अडलेली सगळी झाकणे एकाच कारणाने अडलेली नसतात आणि चुकीच्या कारणावर केलेला बरोबर उपायही वायाच जातो.

पहिली गाठ पडली ती जॅमच्या नव्या, न उघडलेल्या काचेच्या बरणीशी. झाकण पत्र्याचे, मध्यभागी किंचित खोलगट झालेले गोल बटण असलेले. अशा बरण्या बहुधा पदार्थ गरम असताना भरतात किंवा झाकण बसवताना वरच्या मोकळ्या जागेत वाफ सोडतात; थंड झाल्यावर वाफेचे पाणी होते, आतला दाब घटतो आणि बाहेरची हवा झाकणाला खाली दाबून धरते. हा दाब किती असावा, याचा मी कागदावर हिशेब केला. समुद्रसपाटीला हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो वजनाइतका असतो. माझे झाकण ७ सेंटिमीटर व्यासाचे, म्हणजे त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३८ चौरस सेंटिमीटर. आतला दाब बाहेरच्या निम्मा धरला तरी झाकणावर १९ किलोंचे ओझे ठेवल्यासारखे झाले. सतराव्या शतकात ऑटो फॉन गेरिके या जर्मन संशोधकाने तांब्याचे दोन अर्धगोल एकमेकांना लावून आतली हवा उपसली आणि घोड्यांच्या जोड्या लावूनही ते वेगळे होत नाहीत हे लोकांना दाखवले, तोच प्रकार लहान प्रमाणावर माझ्या ओट्यावर चालू होता, आणि त्याविरुद्ध मी एक दुखरा अंगठा लावू पाहत होते.

हे ओझे उचलायचे नसते, झाकण फक्त फिरवायचे असते, हे खरे; परंतु त्या ओझ्यामुळे झाकणाच्या आतला मऊ थर काचेच्या काठावर घट्ट रुतून बसतो आणि घर्षण वाढते. या थराकडे मी पूर्वी कधी पाहिलेही नव्हते. पत्र्याच्या झाकणाच्या आत काठालगत रबरासारखे एक गोल कडे दिसते, ते बहुतेक वेळा मऊ प्लॅस्टिकचे असते आणि हवाबंद करण्याचे काम तेच करते. त्या कड्याखालून कुठेही एका जागी हवा आत शिरली की दोन्हीकडचा दाब सारखा होतो आणि १९ किलोंचे ओझे क्षणात नाहीसे होते. म्हणजे फिरवण्याच्या आधी करायचे काम वेगळेच होते.

त्यासाठी मी जाड दांड्याचा, न वाकणारा चमचा घेतला. दांड्याचे चपटे टोक झाकणाच्या खालच्या कडेत सरकवले, चमचा बरणीच्या गळ्यावर टेकवला आणि तरफेसारखा वापरून पत्रा अगदी हलके बाहेरच्या बाजूला ओढला. पहिल्या जागी काही झाले नाही. बरणी थोडी फिरवून दुसऱ्या जागी, मग तिसऱ्या जागी तसेच केले, आणि चौथ्या खेपेला ‘टक्’ असा आवाज होऊन मधले बटण वर आले. त्यानंतर ते झाकण मी पट्टा न बांधलेल्या डाव्या हाताने, तेही उजवा डावा असा भेद पूर्वी कधी न जाणवलेल्या माणसाच्या अवघडलेपणाने, सहज फिरवले. जोर काचेवर न देता पत्र्यावर द्यायचा आणि तोही जेमतेम, एवढे एक पथ्य यात आहे. काचेच्या काठाचा टवका उडाला तर आतला पदार्थ टाकूनच द्यावा लागतो, कारण काचेचा कण कुठे गेला हे शोधता येत नाही. सुरीचे टोक मात्र या कामाला कधीही वापरू नये. ते घसरते, आणि घसरले की बरणी धरलेल्या हाताच्या तळव्यातच जाते.

येथे एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. नव्या बरणीचे बटण उघडण्यापूर्वीच वर आलेले असेल, झाकण फुगलेले असेल, किंवा ते संशय यावा इतक्या सहज फिरत असेल, तर आनंद मानू नये. हवाबंदपणा आधीच गेलेला असू शकतो, आणि फुगलेले झाकण म्हणजे आत जंतूंनी वायू तयार केल्याची खूण असू शकते. असा पदार्थ चाखूनही पाहायचा नाही, सरळ टाकायचा. नव्या बरणीचा हट्टीपणा हे तिच्या प्रकृतीचे चांगले लक्षण आहे, असे म्हटले तरी चालेल.

दुसरी बरणी मधाची, अर्धी संपलेली. तिच्यावर मी मोठ्या आत्मविश्वासाने तोच चमचा चालवला आणि काहीही घडले नाही, कारण एकदा उघडलेल्या त्या बरणीत कमी दाब नव्हताच. मध ओतताना ओघळ काचेच्या आट्यांवर गेला होता, तसेच झाकण लावले गेले होते, आणि आट्यांमध्ये मधाचा वाळलेला चिकटा बसला होता. येथे ओढण्याताणण्याचा उपयोग नसतो. साखर विरघळवावी लागते, आणि त्यासाठी पाणी व वेळ लागतो. एका पसरट भांड्यात हाताला सोसेल इतके गरम पाणी झाकण बुडेल एवढेच घेऊन मी बरणी त्यात उलटी उभी केली आणि दहा मिनिटे तिच्याकडे पाहिले नाही. पाणी आट्यांत शिरले, चिकटा सैल झाला.

तरीही झाकण फिरेना, आणि त्याचे कारण सांगायला मला थोडा संकोच वाटतो. बरणी उलटीच धरून मी ते फिरवत होते. झाकण वरून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने उघडते. बरणी उलटी केली की तीच दिशा आपल्याला काट्यांच्या दिशेने दिसते. सवयीने हात जुन्याच बाजूला वळतो आणि आपण झाकण प्रामाणिकपणे आणखी घट्ट करत बसतो.

गरम पाण्याने पत्रा प्रसरण पावतो आणि झाकण सैल होते, हे आपण सगळेच शाळेपासून ऐकत आलो आहोत. मी याचाही हिशेब केला, आणि तो पाहून मला आश्चर्य वाटले. एक मीटर लांबीचे पोलाद १ अंश सेल्सिअसने तापले तर सुमारे ०.०१२ मिलिमीटर वाढते. म्हणजे ७ सेंटिमीटरचे झाकण ४० अंशांनी तापवले तर त्याचा व्यास ०.०३ मिलिमीटरच्या थोडाच पुढे वाढेल, माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी. शिवाय बरण्यांची नेहमीची काचही तापली की वाढते, आणि तिचे वाढणे पोलादाच्या तीनचतुर्थांशाइतके असते. त्यामुळे झाकण आणि काच दोन्ही तापू दिली तर मिळालेला फायदाही बहुतांशी निघून जातो. ॲल्युमिनियमचे झाकण पोलादापेक्षा जवळजवळ दुप्पट वाढते, तेथे हा उपाय अधिक चालतो. तरीही गरम पाणी उपयोगी पडते, ते माझ्या मते मुख्यतः आतला मऊ थर आणखी मऊ झाल्यामुळे, साखर विरघळल्यामुळे आणि आतली हवा तापून तिचा दाब थोडा वाढल्यामुळे. उपाय जुना आणि बरोबर आहे. त्याचे शाळेत सांगितलेले कारण मात्र त्यातला लहानसा भाग आहे.

या गरम पाण्याने एक बरणी मी फोडलीही. ती फ्रिजमधून नुकतीच काढलेली होती, मला घाई होती, आणि मी किटलीतले उकळते पाणी थेट तिच्या गळ्यावर ओतले. जाड काचेचा बाहेरचा भाग एकदम तापून पसरू पाहतो, आतला अजून थंडच असतो, आणि या ओढाताणीत काच तडकते. गळ्यापासून तळापर्यंत एक रेघ उमटली आणि सगळे मोरीत गेले. तेव्हापासून फ्रिजमधली बरणी आधी अर्धा तास बाहेर ठेवायची, पाणी कोमटापासून सुरू करायचे आणि ते शक्यतो झाकणालाच लागू द्यायचे, असा नियम मी पाळते.

आईचा उपाय वेगळा होता. “अगं, चारी बाजूंनी ठोक त्याला, नरम येईल,” असे ती म्हणायची, आणि लाकडी चमच्याने झाकणाच्या कडेवर गोल फिरत हलके ठोके मारायची. मी याला बराच काळ जुनी समजूत मानत होते. परंतु वाळलेला चिकटा ठोक्यांनी तडकतो आणि पत्र्याची कड जराशी जरी हलली तरी हवेला वाट मिळू शकते, हे आता मला पटले आहे. बरणी उलटी करून तळावर तळहात मारण्याचा प्रकारही अनेक जण करतात. आतल्या पदार्थाचा झटका झाकणाला बसून ते सुटते, हे खरे, पण माझ्या मनगटाला तो झटका परवडणारा नव्हता आणि काचेवर मारण्याचे धाडसही मला होत नाही.

काही झाकणे तर अडलेली नसतातच, हात घसरत असतो. तेल लागलेली किंवा ओली बोटे पत्र्यावर निसटतात, मग आपण अधिक आवळतो, आणि आवळण्याचा तो सगळा भार अंगठ्याच्या मुळावर येतो. हात आणि झाकण दोन्ही कोरडे पुसणे हा यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त विसरला जाणारा उपाय. त्यानंतर भांडी घासण्याचा रबरी हातमोजा, किंवा झाकणाच्या कडेभोवती गुंडाळलेला रुंद रबरबँड. रबराचे घर्षण जास्त असल्याने तेवढ्याच आवळण्यात कितीतरी अधिक वळण मिळते. मी पकडही बदलली. बोटांच्या चिमटीऐवजी पूर्ण तळवा झाकणावर दाबून, कोपर अंगाशी ठेवून, खांद्यातून वळण द्यायचे. बरणी ओल्या फडक्यावर ठेवायची म्हणजे ती सरकत नाही. झाकण स्थिर धरून बरणी फिरवणे मला अधिक सोपे गेले, कारण बरणीला पकडायला जागा जास्त असते. पुढे पट्टा आवळून फिरवण्याचे एक साधनही आणले. ते उत्तम चालते, फक्त ऐन वेळी ते खणात सापडत नाही.

सर्वांत जास्त त्रास दिला तो मीच भरून ठेवलेल्या एका बरणीने. गरम पदार्थ भरून मी झाकण लगेच लावले होते आणि सांडू नये म्हणून अंगातला सगळा जोर लावून आवळले होते. थंड झाल्यावर आत दाब कमी झाला, आट्यांवर उडालेला पाक वाळला, आणि आवळलेले तर होतेच. तिन्ही कारणे एकाच झाकणात. झाकण जाड आणि कड बरणीला चिकटून बसलेली, त्यामुळे चमचा शिरायला जागा नव्हती. पाण्यात ठेवले, ठोकले, हातमोजा घातला, आणि दोन दिवसांनी हार मानून खिळा व हातोडी घेतली. झाकणाच्या मध्यावर एक बारीक भोक पाडताच ‘स्स्’ असा आवाज करत हवा आत गेली. मग पुन्हा दहा मिनिटे गरम पाणी, आणि झाकण फिरले. ते झाकण अर्थातच फेकून द्यावे लागले, आणि पत्र्याचा कीस आत पडला असेल या शंकेने वरचा थरही काढून टाकला. आता मी पदार्थ पूर्ण थंड झाल्याखेरीज रोजच्या वापराच्या बरण्यांची झाकणे लावत नाही, लावण्यापूर्वी आटे ओल्या फडक्याने पुसते, आणि हाताला अडल्याचे जाणवले की तेथेच थांबते.

सहा आठवड्यांनी आधारपट्टा सुटला, दुखणे पूर्ण जायला आणखी दोन महिने लागले. परवा संध्याकाळी घरी आले तेव्हा ओट्यावर जॅमची नवी बरणी उघडलेली होती. झाकण बाजूला उपडे ठेवले होते, त्याच्या कडेला चमच्याच्या दांड्याची पुसट खूण होती, आणि आई आतल्या खोलीत काहीच न घडल्यासारखी वर्तमानपत्र वाचत बसली होती.